नणंदबाईंचं फडकं

आमच्या नणंदबाईंना डाग खपत नाही. घरात त्यांच्या हातात सदैव ओलं फडकं असतं. ऑफिसातही त्या तेच करतात, फक्त फडक्याशिवाय. अंतराळ दुर्बिणीने पाठवलेल्या फोटोंवरचे खोटे ठिपके पुसणं, हे त्यांचं काम. एखादा भरकटलेला कण कॅमेऱ्यावर आदळला की फोटोत ठिपका उमटतो, अगदी ताऱ्यासारखा. नणंदबाई त्याला क्षणात गारद करतात.

त्याच ऑफिसात मी एका तेजोमेघात तारे जन्मताना बघते. बघते म्हणजे वाट बघते. त्यातल्या धुळीच्या एका काळ्या गोळ्याच्या पोटात तारा आहे, असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आले, म्हणून सगळे मला सुईण म्हणतात. यंदा दुर्बिणीचा वेळ वाटून देणाऱ्या समितीने निर्वाणीचं सांगितलं, की आता येणाऱ्या फोटोंत तारा दिसला नाही तर दुर्बीण दुसरीकडे वळवणार.

लागोपाठ घेतलेले दोन फोटो आले. दोन्हींत गोळा काळाकुट्ट आणि लख्ख स्वच्छ. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नणंदबाई मात्र खुशीत होत्या. इतके नितळ फोटो आजवर हाताखालून गेले नव्हते म्हणे.

संध्याकाळी मी घरी तोंड पाडून बसले होते. समोर नणंदबाई माझ्या लेकाची हनुवटी घासत होत्या.

"ताई, तो तीळ आहे," मी रोजच्यासारखं म्हणाले.

"हो की," त्याही रोजच्यासारखं म्हणाल्या आणि फडकं पिळायला गेल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी मी न पुसलेले मूळ फोटो मागितले. नणंदबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण दिले. पहिल्या फोटोत गोळ्याच्या पोटात एक फिकट ठिपका होता. दुसऱ्या फोटोतही होता, तिथेच. भरकटलेला कण काही नेम धरून त्याच जागी पुन्हा आदळत नाही. पण एवढ्या अंधारात तारा कुठला, म्हणून नणंदबाईंनी दोन फोटो शेजारी न ठेवताच दोन्हींवर हात फिरवला होता.

मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवले.

"जन्मल्या जन्मल्या पुसलं गं मी त्याला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. ठिपका त्यांनी स्वतःच्या हाताने परत बसवला. दुर्बीण माझ्याकडेच राहिली.

त्या संध्याकाळी लेकाने सवयीने हनुवटी पुढे केली. नणंदबाईंनी फडकं उचललं, तिळाकडे नीट बघितलं, आणि गाल तेवढे पुसले.