न पांघरलेली गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे. आता तुम्ही लगेच माझं वय विचाराल. मित्रांनो, मला शिवून दोनच वर्षं झाली. पण माझ्या पोटातलं कापड चाळीस वर्षांचं आहे, आणि गोधडीचं वय पोटावरून धरतात, वरच्या फुलाफुलांच्या छिटावरून नाही. ही साधी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असती तर मी आज खर्डा गावातल्या एका खोलीत, पत्र्याच्या पेटीवर, एक बाजू उसवलेली अशी पडून राहिले नसते. गोधडीने मऊ असावं, मायाळू बोलावं, अशी तुमची समजूत असेल. मी मऊ आहे. मायाळूपणाचं मात्र आता माझ्याकडून जमेल तेवढंच होईल.

गोधडी होण्याआधी मी चार लुगडी होते. देवळाली प्रवरेच्या साळूबाईची, रोज नेसायची, सुती. दोन हिरवी, एक जांभळं आणि एक निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. त्या निळ्याच्या पदराला कायम एक गाठ असे आणि गाठीत दोन लवंगा. साळूबाईच्या लेकीला, माधुरीला, लहानपणी एसटी लागायची. गाडीने राहुरीचा स्टँड सोडला की पोरीचं तोंड पिवळं पडायचं. मग साळूबाई दाताने गाठ सोडायची, एक लवंग पोरीच्या दाढेखाली द्यायची आणि तिचं डोकं मांडीवर घ्यायची. पोर पदरात तोंड खुपसून झोपायची. पुढे ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली, स्वतःची मोटार घेऊन माहेरी येऊ लागली. तरी साळूबाईने पदराला गाठ मारायचं सोडलं नाही. सवय, दुसरं काय.

साळूबाई गेली तेव्हा माधुरीने दागिन्यांवरून भावाशी एक शब्द काढला नाही. तिने फक्त ही चार लुगडी मागून घेतली आणि पुण्याला नेऊन कपाटात ठेवली. सहा महिन्यांनी तिला मोबाईलवर एक दुकान दिसलं. त्याचं नाव ‘बनुआत्याची गोधडी’.

हे दुकान निकिताचं. निकिता खर्ड्याला सून म्हणून आली तेव्हा तिची सासू बनुबाई गावात गोधड्या शिवून द्यायची, कुणाला पायलीभर ज्वारीवर, कुणाला नुसत्या चहावर. निकिता हुशार. तिने सासूच्या गोधड्या गावच्या किल्ल्याच्या तटावर अंथरल्या, फोटो काढले आणि खाली लिहिलं, ‘आठवणींची ऊब, घरपोच’. ऊब सासूची, शब्द सुनेचे. बघता बघता मागणी वाढली आणि बनुबाईच्या पडवीत गावातल्या सहा बाया शिवायला बसू लागल्या. ऊसतोडीला न जाता घरबसल्या काम मिळालं म्हणून त्या निकिताला दुवा देत. फोटोत आम्ही गोधड्या फार देखण्या दिसतो, मित्रांनो. पण फोटोत मऊपणा येत नाही, ऊब येत नाही, आणि पोटात काय आहे ते तर मुळीच येत नाही. ही खोट तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही.

माधुरीने फोन केला. तिची अट एकच होती, गोधडी आईच्या वर्षश्राद्धाला हातात हवी. तयार झाल्यावर फोटोसुद्धा पाठवू नका, म्हणाली. सगळ्या भावंडांसमोर तिला ती पहिल्यांदा उघडायची होती. निकिताने विचारलं, गोधडी कशी हवी? त्यावर माधुरी जे बोलली ते निकिताने वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

“तुम्ही जशी करता अगदी तशीच करा. काही म्हणजे काही बदलू नका.”

चार दिवसांनी मी खोक्यातून खर्ड्याला आले. बनुबाईने लुगडी धुतली, वळचणीला वाळवली. निळ्याच्या पदराची गाठ तिला लागली तेव्हा तिने ती चाचपली, वास घेतला आणि सोडली नाही. ज्याची त्याला राहू दे, एवढंच म्हणाली. मग ती स्वतः जामखेडच्या बाजारला गेली आणि मरून रंगाचं, बारीक फुलांचं कोरं छीट घेऊन आली. दुकानदाराने दाखवलेलं स्वस्तातलं तिने परत केलं. पैसे जास्त गेले म्हणून निकिता कुरकुरली, तर सासू म्हणाली की मेलेल्या बाईला हलकं नेसवू नये.

शेजारी शिवायला बसणारी गीताबाई होती, तिने बघून विचारलं, “आत्या, लुगडी समदी आत घातली? वर एकबी न्हाई?”

बनुबाई सुईत दोरा ओवत म्हणाली, “मानूस गेलं म्हंजी त्याचं कापड आत घ्यायचं. वर ठिवलं तर उनानं विटतं, येनाऱ्याजानाऱ्याचे पाय लागत्यात. आत ऱ्हायलं की जलमभर ऊब देतं.”

“गिऱ्हाइकाला सांगितलंय का पन?”

“त्यात सांगायचं काय? देवळालीची लेक हाय ती. गोधडी तिला म्हाईत न्हाई व्हय?”

झालं. माझं सगळं नशीब या तीन वाक्यांत शिवलं गेलं. बनुबाईच्या आईने, आजीने असंच केलं होतं. जिवंत माणसाचं कापड वर चालतं, गेलेल्याचं पोटात. तिला वाटलं, ही रीत जगात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि निकिता त्या दिवसांत पत्ते लिहिण्यात आणि पार्सलं बांधण्यात इतकी गढलेली की तिने मला नीट पाहिलंसुद्धा नाही.

बावीस दिवस बनुबाई मला एकटी शिवत होती. माझ्यावर तिने दुसऱ्या कुणाचा टाका पडू दिला नाही. कडेपासून मधोमध येणारा धावदोरा, ओळीला ओळ लागून, गव्हाच्या दाण्याएवढा टाका. लवंगांची गाठ तिने मुद्दाम उशाकडच्या कोपऱ्यात घेतली, म्हणजे जी पांघरेल तिच्या गालाशी येईल. शिवून झाल्यावर, तिच्या नेमाप्रमाणे, ती दुपारची घटकाभर मला अंगावर घेऊन पडली. गोधडी कुठे टोचते, कुठे फुगते, हे तिला तसंच कळायचं. उठून म्हणाली, “लई शांत झोप लागली. बाई चांगली आसंल.” मला पांघरणारी ती पहिली. आजवरची शेवटचीही तीच.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पुण्यात माधुरीच्या घरी सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर तिने खोकं आणलं. तिचा चेहरा काय फुलला होता, मी विसरणार नाही. दोघांनी माझी दोन टोकं धरली आणि मला सगळ्यांसमोर पसरलं. मरून छीट. मग उलटी केली. तिकडूनही मरून छीट.

भावाने विचारलं, “आईची लुगडी कुठायत?”

माधुरीने माझी एक कड पाहिली, दुसरी पाहिली. भावजय हळूच म्हणाली की ऑनलाइन हे असंच असतं. भाऊ हसला. दागिने सोडून लुगडी मागून नेली होतीस ना, ती विकून खाल्ली बघ कुणीतरी, असं म्हणाला आणि पान लावायला बसला. माधुरी रडायला लागली. मला तिचा राग येतो, पण त्या क्षणी तिची दयाही आली, हे खोटं नाही. चारचौघांत तिची आई दुसऱ्यांदा हरवली होती.

पण मित्रांनो, तिने मला दोन बोटांत धरून खुर्चीवर टाकलं हो. एकदा अंगावर घेतलं असतं, निदान मांडीवर ओढलं असतं, तरी गाठ हाताला लागली असती. चार लुगड्यांचं वजन छिटाच्या चादरीला नसतं, हे कळायला शहाणपण लागत नाही, हात लागतात. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

त्याच दुपारी तिने माझा फोटो मोबाईलवर टाकला. वर लिहिलं, ‘माझ्या आईची लुगडी चोरणारं दुकान’. खाली दुकानाचं नाव आणि बनुबाईचा तो हसरा फोटो, निकिताने मोठ्या हौसेने लावलेला. संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी तो पुढे पाठवला होता. त्यातल्या एकानेही खर्डा पाहिलं नव्हतं, गोधडी पांघरली नव्हती, पण म्हातारी चोर दिसते हे सगळ्यांना फोटोवरून कळलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आलेल्या मागण्या एकेक करून रद्द झाल्या.

निकिताने फोन केला, रडून सांगितलं की लुगडी आतच आहेत. माधुरी म्हणाली, “हे तुम्हाला आत्ता सुचलं?” आणि फोन ठेवला. आठव्या दिवशी मी त्याच खोक्यातून परत खर्ड्याला आले.

पडवीत आता दोघीच होत्या, सासू आणि सून. निकिताने ब्लेड पुढे केलं. “आत्या, एक बाजू उसवू. मी व्हिडिओ काढते. दुसरा विलाज न्हाई.”

“झाकलंय मी तिला,” बनुबाई म्हणाली. “परक्याच्या मेलेल्या बाईला उघडं करू व्हय?”

“सा बायांचं काम गेलंय, आत्या. तुमाला लोक चोर म्हनत्यात.”

बनुबाई दिवसभर माझ्याजवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ब्लेड सुनेच्या हातातून घेतलं. उसवायचं तर मीच, म्हणाली. पहिला टाका तोडताना तिने माझ्यावर हात ठेवला. “साळूबाई, माफी कर बाई.” तिला साळूबाईचं नाव खोक्यावरच्या चिठ्ठीतून कळलं होतं, ओळख बावीस दिवसांच्या शिवण्यातून झाली होती. हिरवं दिसलं, जांभळं दिसलं. मग ठिपक्यांचं निळं आणि त्याची गाठ. निकिताने ती गाठ तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिने सगळं मोबाईलमध्ये टिपलं आणि माधुरीला पाठवलं. खाली एवढंच लिहिलं, ‘ताई, गाठ सोडलेली नाही.’

माधुरीने ते पाहिलं. पाहिल्याची खूण निकिताच्या मोबाईलवर उमटली. दोघी मोबाईल समोर ठेवून बसल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी माधुरीने टाकलेला तो मजकूर नाहीसा झाला. ‘चूक झाली’ हे दोन शब्द मात्र कुठेच आले नाहीत. निकिताने विचारलं, गोधडी शिवून परत पाठवू का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिला लाज वाटली असेल, मी समजू शकते. पण बनुबाईची लाज हजारोंच्या चावडीवर काढली आणि स्वतःची दार लावून झाकून घेतली, याला काय म्हणायचं? मूळ मजकूर गेला तरी लोकांनी उतरवून घेतलेल्या त्याच्या नकला अजून फिरतायत. चोर म्हणणाऱ्यांना कुणी परत बोलावून सांगत नाही.

दुकान बंद झालं. गीताबाई कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. निकिता जामखेडला एका कापडाच्या दुकानात कामाला जाते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या घड्या घालते. एकदा आठवडी बाजारात कुणीतरी बनुबाईला हसत विचारलं, “आत्या, आत काय भरलंय?” त्या दिवसापासून तिने सुई हातात धरली नाही. गावातल्या बाळंतिणीचं दुपटं शिवायलाही नाही म्हणाली.

मित्रांनो, शेवटी काहीतरी उपदेश करायची आम्हा वस्तूंची रीत आहे, म्हणून सांगते. हाताने केलेली वस्तू नुसत्या डोळ्यांनी तोलू नका. ती हातात घ्या, अंगावर घ्या. काही खटकलं तर करणाऱ्याला आधी विचारा, जगाला मग सांगा. आणि चुकलात तर जेवढ्या मोठ्याने ओरडला होता तेवढ्याच मोठ्याने चुकलो म्हणा. मायेची बाकी सगळी भाषा मी साळूबाईकडून शिकले, हे एवढं तिच्या लेकीकडून.

माझी उसवलेली बाजू तशीच आहे. निकिता म्हणते, शिवून टाका आत्या, बघवत नाही. बनुबाईने शेवटची सुई ओवली ती माझ्याच कडेला टोचून ठेवली आहे. “जिची हाय तिनं यावं,” म्हणते. “आधी पांघरून बघ म्हनंन. मग शिवीन.”

दोन वर्षं झाली. सुई गंजली, तिचा डाग निळ्या लुगड्यावर उतरला. पेटी हलवली की अजून वास येतो. लवंगा दोन्ही शाबूत आहेत. घ्यायला कुणी आलेलं नाही.