कांडेचोराची उडी

जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला आणि आईच्या उजव्या हातातून पेलाही निसटू लागला. पाय महिन्याभरात सावरला, हात नाही. वालावलला आईच्या घरी येणारी फिजिओथेरपिस्ट भक्ती म्हणाली, "अंगठा हलता ठेवा. पहिले सहा महिने महत्त्वाचे."

माझी मुलगी तेजस्वी वसतिगृहात गेली तेव्हा तिचा हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम घरी राहिला होता. तो मी आईला दिला. खेळ एका कार्टून सिनेमावरचा. शेपटीवर पट्टे असलेला रॅकून फळ्यांवरून उड्या मारत आपल्या पिल्लाकडे जातो. डाव्या अंगठ्याने त्याला पळवायचं, उजव्याने बटण दाबून उडी मारायला लावायची.

"ह्यो तर आमचो कांडेचोर!" उदमांजराला आमच्याकडे म्हणतात तसं आई म्हणाली. "झाडावरचो फणस खावन जाता, तो."

मी अट घातली. जूनमधल्या मिरगाआधी आठवी लेव्हल पार केलीस तर वालावलात एकटी राहा. नाहीतर माझ्याबरोबर ओरोसच्या क्वार्टरमध्ये.

रोज संध्याकाळी मी फोन करून लेव्हलचा आकडा विचारायची आणि वहीत लिहायची. मार्चअखेर दोन, एप्रिलअखेर पाच. शनिवारी गेले की आई पडदा दाखवायची. आकडे खरे होते. भक्तीला मात्र शंका होती. "पकड मला तशीच वाटते," ती म्हणाली. मी वहीतल्या आकड्यांचा आलेख पुढे केला. त्या आठवड्यापासून तिच्या आठवड्यातल्या तीन फेऱ्यांची एक झाली.

मेच्या तिसऱ्या शनिवारी मी गेम पुसायला घेतला. डावीकडची बटणं जांभळी झाली होती. आई डाव्या हातानेच कोकमं सोलत होती. उजवं बटण स्वच्छ होतं, पण त्याच्या फटीत तांबडे कण होते. मी नोकरीत दिवसभर मातीच तपासते. ही अंगणातली माती होती. आईचा उजवा हात मातीला लागत नव्हता. म्हणजे शेजारचं कुणीतरी पोर तिच्यासाठी खेळत असणार.

रविवारी दुपारी कुडाळला जाते असं सांगून मी निघाले आणि मागच्या दाराने परत आले.

नारळ खवायला आडाळीवर, म्हणजे विळीवर, बसते तशी आई पाटावर बसली होती. गेम जमिनीवर. डाव्या हाताने तो धरलेला, आणि उजव्या पायाचा अंगठा बटणावर. उजवा हात मांडीत पडून होता.

"आई!"

अंगठा घसरला. रॅकून खड्ड्यात पडला.

"मारलंस मा त्येका! सातवी सपत इल्ली."

"पायानं खेळतेस?"

"आडाळी पायान धरतंव, मगे ह्या कित्याक नाय? तू आठवी लेव्हल म्हणलंस. हातान, असा म्हणलंस?"

नव्हतं म्हटलं. मी लेव्हल मोजली होती, अंगठा नाही.

"हात किती हलतो? खरं सांग."

"माका ओरोसाक जावचा नाय गो."

मी गेम उचलून तिच्या दोन्ही हातांत दिला. पहिली लेव्हल लावली. डाव्या अंगठ्याने तिने रॅकूनला पहिल्या फटीच्या कडेपर्यंत आणलं.

"दाब."

तिने ओठ आवळले. उजवा अंगठा बटणावर होता, नुसता ठेवलेला. रॅकून थांबला, आमच्याकडे बघून त्याने कान खाजवला, मग बसला आणि झोपला.

"बघ, तो पण दमलो," आई हसली. लगेच हसू गेलं. "माका वाटला, पाय शिकलो तर हात बघून शिकतलो."

मी भक्तीला फोन लावला आणि सांगितलं, ते सगळे आकडे पायाचे होते. 

"सहातले चार महिने गेले," ती म्हणाली. "आता रोज करायला हवं. ओरोसला मी राहतेच, तिथे रोज येईन. वालावलला नाही जमणार."

मी ते आईला सांगितलं. तिने अंगणात सुकत घातलेल्या कोकमांकडे पाहिलं.

"ही कोण काढतला?"

"मी. शनिवारी."

 तिने गेम माझ्याकडे सरकवला. "ह्या सगळा पूस. सातवी धरून."

खेळ पुसण्याआधी यंत्राने नक्की का, असं विचारलं. मी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली.

वहीचं नवं पान काढून मी वर लिहिलं : उजवा अंगठा. खाली तारीख, आणि तारखेपुढे शून्य.