काटा चिकटवलेला बॅरोमीटर

मी एक जुना बॅरोमीटर आहे. हसू नका मित्रांनो! माझ्या तोंडावर ‘फेअर’, म्हणजे हवा छान, असं दिसतंय ना? साफ खोटं आहे ते. आणि खोटं बोलायची माझी मुळीच इच्छा नाही.

माझा जन्म इंग्लंडमधला. माझ्या पितळी पोटात पातळ पत्र्याची हवाबंद डबी आहे. बाहेर हवेचा दाब उतरला की ती फुगते, काटा ‘स्टॉर्मी’कडे सरकतो आणि जहाजावरच्या लोकांना वादळाची आधीच वर्दी मिळते. विसावं शतक नुकतंच लागलं होतं, तेव्हा थॉर्नबरी नावाच्या तरुण नौदल अधिकाऱ्याने मला विकत घेतलं. रोज सकाळी तो काचेवर बोटाने टकटक करायचा आणि माझं ऐकायचा. माझं ऐकणारा तो पहिला आणि शेवटचा!

तेच त्याला भोवलं. सिडनीला तो एका लहान युद्धनौकेचा कप्तान असताना बड्या पाहुण्यांना समुद्राची सैर घडवायचा हुकूम आला. माझा काटा तर भराभर उतरत होता. “जहाज हलणार नाही,” त्याने स्पष्ट सांगितलं. वादळ आलंही, पण दूर समुद्रात. बंदरात लख्ख ऊन! पाहुण्यांचा हिरमोड झाला आणि वरिष्ठांनी त्याच्यावर भित्रेपणाचा शिक्का मारला. पुढे महायुद्धात त्याच्या बरोबरीचे लोक मोठमोठ्या जहाजांवर गेले, याला मात्र गोदामात घोंगड्या सांभाळायला बसवलं. बढती नाही, काही नाही. निवृत्त होऊन तो इथेच ऑस्ट्रेलियात राहिला, पण मरेपर्यंत माझ्यावर कधी चिडला नाही. मला अजून चीड येते. खरं बोललो मी, आणि भोगलं त्याने!

नंतर कितीतरी वर्षं मी कुणाकुणाच्या गराजमध्ये धूळ खाल्ली. शेवटी सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातल्या दीनानाथने एका गराज सेलमधून मला आणलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि नव्या घराच्या हॉलमध्ये टांगलं. मी खूश! पण वास्तुशांतीच्या दिवशीच हवा बिघडली आणि माझा काटा ‘स्टॉर्मी’वर गेला. दीनानाथच्या बायकोची, विनीताची, मावशी पुण्याहून काही महिने राहायला आली होती. ती शैलामावशी माझ्यासमोर थबकली.

“अगं बाई! नव्या घरात वादळ? अशुभ दिसतं हे, विनीता.”

“दीनू, तो काटा जरा सरकव ना. फोटोतही बरा नाही दिसत,” विनीता म्हणाली.

“अगं, तो हवेप्रमाणे फिरतो,” दीनानाथ म्हणाला.

“हवा फोनवर कळते रे! प्लीज.”

झालं! स्वतः इंजिनिअर असून या गृहस्थाने काच उघडली, काटा ‘फेअर’वर आणला आणि वर सुपरग्लूचा थेंब सोडला.

गेल्या शनिवारी त्यांच्या लेकीचा, स्वरदाचा, पाचवा वाढदिवस होता. बॅकयार्डमध्ये भाड्याचा मांडव, पोरांची धमाल. वादळ रात्री येईल, असं फोन म्हणत होता. माझी डबी मात्र सकाळपासून फुगत होती. मी जिवाच्या आकांताने काटा ओढत होतो, पण तो कसला हलतोय! दुपारीच दक्षिणेचं वारं सुटलं, मांडव उखडला आणि त्याचा खांब स्वरदाच्या कपाळावर बसला. “Mummy, it hurts!” ती किंचाळली. ते ऐकून मला फुटून जावंसं वाटलं.

कपाळाला टाके घालून सगळे घरी आले.

“फोनने रात्रीचं सांगितलं होतं,” दीनानाथ पुटपुटला.

“आणि हा बघ, अजून फेअर दाखवतोय!” विनीता माझ्यावर कडाडली.

“पनवती आहे मेली! टाका बाहेर,” मावशी म्हणाली.

दीनानाथला सगळं ठाऊक होतं. तरी तो मला खिळ्यावरून उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवून आला.

उद्या कौन्सिलचा कचऱ्याचा ट्रक येईल. मित्रांनो, त्याआधी कुणी मला उचललंत, तर पॉलिश करू नका, मानाने टांगूही नका. फक्त काच उघडून माझा काटा सोडवा. मग तो जे दाखवेल ते तुम्हाला आवडलं नाही, तर मला खुशाल शिव्या घाला. पण आधी पोरांना घरात घ्या.