दुआत घ्यायचं नाव

बकरा अंगणात बांधलेला, न्हावी वस्तरा धुऊन बसलेला आणि ताहेरा बाळाला छातीशी घट्ट धरून उभी. आज लेकीचा अकीका. बकरा कापण्याआधी दुआत बाळाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्याच वेळी न्हाव्यानं जावळाला वस्तरा लावायचा, अशी सातपूरच्या या घरातली रीत.

नाव ठरलेलं होतं, आयेशा. बाळंतपणात मधेच कळा थांबल्या तेव्हा सासूनं, खैरूबीनं, तशी मन्नतच मागितली होती. पण ताहेराचं माहेर शिया. इगतपुरीच्या त्या घरात हे नाव कुणी कधी ठेवलं नव्हतं. खरं सांगितलं तर अब्बा येणारच नाहीत, या भीतीनं ती फोनवर म्हणाली होती, "अजून ठरायचंय." आणि अब्बा पहिल्या गाडीनं हजर!

"मग, नाव काय काढलं, समधन?" चहा घेता घेता त्यांनी खैरूबीला विचारलंच.

"आयेशा. रसूलची, पैगंबरांची बीबी, सगळ्या मोमिनांची आई. अर्धा दीन, अर्धा धर्म त्यांच्याकडून शिकलो आम्ही."

अब्बांनी कप खाली ठेवला. "बीबी होत्या, कबूल. पण आमच्या पहिल्या इमामांवर, मौला अलींवर फौज घेऊन गेल्या. ते आम्ही विसरत नाही."

"पस्तावल्या पण होत्या! रडून रडून ओढणी भिजायची. ते नाही सांगत तुमच्यात?"

"आमच्यात पुष्कळ सांगतात. आज नको."

दुआ म्हणायला उभा राहिलेला ताहेराचा नवरा मुबीन सासऱ्यांचा चेहरा बघून अडखळला. "ताहेरा, तूच सांग बाई. काय नाव घेऊ?"

अब्बा नातीला हात न लावताच निघून गेले तर? ताहेरानं एकदा अब्बांकडे पाहिलं.

"आयेशा," ती म्हणाली.

अब्बा उठले. दारात जाऊन चपला शोधू लागले. अंगणात दुआ सुरू झाली, इकडे वस्तरा टेकला आणि पोरीनं टाहो फोडला. मान अशी झटकू लागली की खैरूबीला ती आवरेना.

"कुणीतरी नीट धरा हो, लागेल तिला!" न्हावी ओरडला.

"सरका, समधन."

अब्बा होते. त्यांनी ते एवढंसं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं. "चालव आता. हळू."

"एक चप्पल पायात तशीच आहे, समधी," खैरूबी पुटपुटली.

"असू दे. ए बिट्टो, झालं, झालं..."

नाव त्यांनी घेतलं नाही. घेणारही नाहीत. उद्या पोर विचारेल, नाना मला बिट्टोच का म्हणतात, तेव्हा काय सांगायचं? वस्तरा कानामागे पोचला होता. ताहेरा श्वास धरून अब्बांच्या हातांकडे बघत राहिली.