दुसऱ्या दिवसाचा थकवा

मानमोडीच्या तापाच्या साथीत तेलगावात ज्या घरातलं माणूस गेलं नाही, असं घर शोधावं लागत होतं. सुंदररावांचं घर त्यातलं एक. तिथं ताप आला तो दोघांनाच, खुद्द सुंदररावांना आणि त्यांची सून सरस्वतीला. तोही साधाच. कणकण आली, घसा धरला, अंग तापलं आणि उतरलं. शेजारच्या घरांतून तिरड्या निघत होत्या तेव्हा ही दोघं उठून पेज पीत बसली होती. सुंदररावांच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, देवीची ओटी भरली आणि घर मोकळं झालं.

केसरबाईला मात्र मोकळं वाटलं नाही. जडही वाटलं नाही. तिला बऱ्याच वर्षांत काही वाटलंच नव्हतं. सुंदररावांची ही थोरली बहीण, नवऱ्यानं टाकलेली. सैपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ती डाळ निवडायची, मिरच्यांचे देठ काढायची. बसल्या जागी होईल तेवढंच तिचं काम. गावात तिला बसकी केसर म्हणत. तोंडावरही म्हणत. ती ऐकून घ्यायची आणि सुपातला खडा बाजूला टाकायची.

ताप उतरल्यावर सुंदरराव घोडीवर बसून कापूस बघायला गेले. सांजच्याला परतले ते खुशीत. दरवाजालगतच्या ढाळजेत बसून गड्यांशी बोलले, दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. केसरबाई पाणी द्यायला आली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"काय बघायलीस, आक्का?"

"उद्या तुझ्यानं उठवायचं न्हाई," ती म्हणाली. "उठूबी नको."

"आज लई बरं वाटायलंय मला."

"आज वाटंल. उद्या न्हाई."

सुंदरराव हसले. दुसऱ्या दिवशी त्यांना पांघरूण बाजूला सारवेना. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं, नुसतं अंगातलं सगळं कुणी उपसून नेल्यासारखं. झोप झाली होती आणि झोपेचा उपयोग झाला नव्हता. गडी काही विचारायला आला, तर त्याचं नाव त्यांना आठवेना.

केसरबाईनं हे ओळखलं होतं, कारण ते तिच्याच अंगावरून गेलं होतं. धर्मापुरीला सासरी असताना, ऐन जवानीत, तिला असाच हलका ताप आला होता. ताप गेला, पण अंगातली ताकद गेली ती परत आलीच नाही. एक दिवस दळलं, की पुढचे दिवस अंथरुणात. डॉक्टर नाही, हकीम नाही; सासूनं बाहेरची बाधा उतरवायला भगत आणला. त्यानं लिंबाच्या फोकानं झोडपलं. शेवटी नवऱ्यानं, त्रिंबकनं, गाडी जुंपली, हवापालटाला म्हणून माहेरच्या दारात आणून सोडलं आणि दुसरी बायको केली. तेव्हा सुंदरला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. तो दारात उभा राहून म्हणाला होता, "काम दिसलं की कशी गं तुला गळाठी येती?" त्यावर ती रडली होती. पुढं पुढं रडायलाही अंगात काही लागतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि ते सुटलं.

सुंदररावांसाठी धारूरहून हकीम आला. नाडी बघितली, जीभ बघितली, ताकतीसाठी खमिऱ्याचं औषध दिलं आणि बजावून गेला, "ताकत हळूहळू येईल. जबरदस्ती करू नका, पाटील." मग ढाळजेत गादी घातली गेली. कवाड लोटून ठेवायला लागले, कारण उजेड डोळ्यांत खुपायचा. कौशल्याबाई पोरांना अंगणात दंगा करू देईना. भेटायला येणारे दारातूनच हळू आवाजात विचारून जायचे. काम दिसलं की गळाठी येते, असं कुणीच म्हणालं नाही.

केसरबाई हे बघत होती. राग यावा असं होतं खरं. तिनं थोडी वाट पाहिली, पण तो आला नाही.

सरस्वतीकडं तिचं लक्ष गेलं ते रांजणापाशी. आडावरून दोन खेपा घालून आलेली सून कमरेवरची घागर तशीच धरून उभी होती, ती कुठं ओतायची हे विसरल्यासारखी. आदल्या दिवशी तिनं पायलीभर जवारी दळली होती.

"सरसे, रात्री झोप लागली व्हती?"

"लागली की, आत्याबाई. पर उठले ती दमूनच उठले."

केसरबाईनं घागर धरायला हात पुढं केला. तिच्यानं ती पेलवली नाही. दोघींनी मिळून ती खाली टेकवली, निम्मं पाणी सांडलं आणि कौशल्याबाई आतून ओरडली, "सोंगं करतीय! तरणीताठी बाई, जरा ताप काय आला, आता घरच दावणीला बांधती."

असं चालू राहिलं. सरस्वती एक दिवस उठायची, एक दिवस पडायची. भाकर तव्यावर जळायची. तिचा नवरा पंडित वाईट नव्हता, पण रोज दोन्ही बाजूंचं ऐकून तो विटला होता. एका सकाळी त्यानं अंगणात गाडी आणली आणि केसरबाईला सहज सांगितलं, "हिला माहेरी सोडून येतो, आत्या. हवापालट होईल."

सरस्वती ओसरीवर बोचकं घेऊन बसली होती. गडी बैल जुंपत होता. केसरबाई सूप खाली ठेवून उठली. भिंतीला धरत धरत ती ढाळजेत गेली. या घरात आल्यापासून तिनं भावाकडं काही मागितलं नव्हतं.

"सुंदर, पंडित्या सरसीला माहेरी घालवायलाय."

"जाऊ दे की. चार दिवस राहील, यील."

"येत न्हाई बाई. मी गेले का माघारी सासरी?"

सुंदररावांनी डोळे उघडले.

"तुला जे झालंय तेच तिला झालंय," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "एकाच वक्ताला, एकच ताप. काम केलं की दुसऱ्या दिवशी पडती. तुला गादी घातली, तिला जात्याला बसवलं. तुझं उद्या काय हुईल ते मी सांगितलं व्हतं ना? तिचंबी सांगते. अशीच राबली तर ती माझ्यासारखी हुईल. पडू दिलं तर उठंल."

 सुंदरराव कोपरावर उठले, दम खाल्ला आणि कवाडाकडं तोंड करून जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "पंडित! बैल सोड!"

त्या एका ओरडण्यानं ते दुसरा अख्खा दिवस निपचित पडून राहिले. पण पाटलांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. दळणाला गावातली दगडाबाई यायला लागली. सरस्वतीची वाकळ केसरबाईशेजारी पडली. कौशल्याबाई आठवडाभर भांडी आपटत होती. मग एक दिवस तिनंच खमिऱ्याची वाटी सुनेपुढं सरकवली.

"आत्याबाई, मी बरी हुईन का?" सरस्वती विचारायची.

"हुशील. पर आज बरं वाटलं म्हणून उठायचं न्हाई. बरं वाटलं तरी निम्मंच काम करायचं."

"आन तुमी?"

"मला लई उशीर झाला," केसरबाई म्हणायची आणि डाळ निवडायची.

सरस्वती सावरली, पण एकदम नाही. कापूस गेला, हुरडा झाला, ऊन तापलं. पुढच्या पेरणीला ती एकटी आडावर जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशीही हसत उठली. सुंदररावही फिरायला लागले. घोडी मात्र त्यांनी विकली.

त्याच दिवसांत कधीतरी ते उंबऱ्याशी येऊन बसले. केसरबाईच्या सुपातली मूठभर डाळ घेऊन हातात खेळवत राहिले.

"आक्का, तुला सगळी वर्सं असंच व्हतंय?"

"हं."

"मी तवा..." ते थांबले. वाट बघू लागले, ती काहीतरी बोलेल म्हणून. शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी घेतल्या असत्या. केसरबाईनंही आपल्या आत बघितलं. तिथं सगळं सपाट होतं, पीक काढून नेलेल्या रानासारखं.

"ती डाळ दे इकडं," ती म्हणाली. "दगडाबाई यायली दळायला."

त्यांनी मूठ सुपात सोडली आणि तिथंच बसून राहिले, मग तेही खडे वेचू लागले.