दिल्लीची फरशी

"या दिल्लीच्या फरशीनंच खाल्ले बघ आपले गुडघे," माझ्या कानाशी पुटपुटत आमच्या मंडळातल्या प्रमोदिनीवहिनी खुर्चीत धप्पकन बसल्या.

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या लेकीची, तनयाची, पहिली मंगळागौर होती. साखरपुड्यातच तिनं मला बजावलं होतं, "आई, मंगळागौरीला पहिली फुगडी तुझ्याशी!" तेव्हा मी जिना आडवी होऊन, कठड्याला लोंबकळत उतरायचे. तरी हो म्हणून बसले.

आमच्या मराठी मंडळात गुडघा दुखला की दोष दिल्लीचा. थंडी, खारं पाणी, गुळगुळीत फरशी. पुण्याहून तेलाच्या बाटल्या यायच्या. चोळून झालं की दमल्याबद्दल समोसे. नोएडाच्या डॉक्टरांनी मात्र एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "मॅडम, घुटना दिल्ली का नहीं, आपका है." झीज भरून येत नाही, पण एक किलो वजन उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो. चरबीमुळे सूजही वाढते, तीही ओसरेल.

घरी येऊन आधी रडले. मग भात निम्म्यावर आणला, समोसे सोडले, खुर्चीत बसून पाय उचलायचे व्यायाम धरले. वजन सावकाश उतरत गेलं. मंडळात कुजबुज सुरू झाली. "शुगर निघाली का गं हिला?" "घरी सगळं ठीक आहे ना?" खरं कुणी विचारेना, मीही सांगेना.

आता हॉलमध्ये तनयानं हात पुढे केले. "आई, जमेल?"

"बसफुगडी सोडून काहीही माग."

पावलं जुळवली, हात गुंफले. पहिला फेरा भीतभीतच. दुसऱ्यात गुडघा गप्प. तिसऱ्यात हॉलचे दिवे, नऊवाऱ्या, गौर, सगळं गरगरलं आणि तनया किंचाळली, "आई, हळू ना यार!"

टाळ्यांच्या कडकडाटात धापा टाकत मी खुर्चीशी आले. वहिनींनी माझा हात पकडला. "कुठलं तेल गं?"

"तेल नाही, वहिनी."

"मग?"

मी दंडावर ढिलं झालेलं जुनं पोलकं चिमटीत धरून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मांडीवरच्या ताटातल्या तिसऱ्या करंजीकडे पाहिलं. मग सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"फरशी बिचारी काय करणार? जाड झालोय गं आपण सगळ्या!"