बकुळाच्या हातातली काठी

मी लॅक्रॉसची काठी बोलतेय. या खेळाचं नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल. माझ्या एका टोकाला चामडी दोऱ्यांची जाळी आहे. तीत चेंडू झेलायचा, पळायचं आणि फेकायचा. परळच्या मुलींच्या शाळेत एका इंग्रज बाईंनी आम्हा सहा काठ्यांना आणलं. पुढे त्या मायदेशी गेल्या, आम्ही इथंच राहिलो.

मग शैलाबाई शिकवू लागल्या. काठ्या सहाच, म्हणून तिघींविरुद्ध तिघी असा सराव. कधी चढाईला तिघी आणि बचावाला दोघीच.

"चेंडूमागं धावू नका गं! आपापली मुलगी अडवा. आणि तोंडानं सांगा, कोण कुणाला धरतंय ते!"

मी बकुळाच्या वाट्याला यायचे. लालबागच्या गिरणीकामगाराची ही पोर बचावात भिंतीसारखी उभी राहायची, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ.

"तू गप्प राहिलीस की तुझी जोडीदारीण आंधळी होते, बकुळा," बाई म्हणायच्या. तिची मूठ माझ्यावर आणखी आवळायची, एवढंच.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि गिरणगाव पेटलं. त्या दुपारी सराव चालू असतानाच गोळीबाराचे आवाज आले.

"काठ्या टाका. दोघी-दोघी माझ्यामागून चला," बाई म्हणाल्या.

पाच काठ्या मैदानात पडल्या. बकुळाची मूठ मात्र भीतीनं सुटेचना. आज रस्त्यावर हातात काठी असणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. तिला भानच नव्हतं.

बाई चौघींना घेऊन नाका ओलांडून गेल्या. बकुळा आणि धाकटी जाई मागं राहिल्या. तेवढ्यात एका पोलिसानं बंदूक रोखली.

"ए पोरी, काठी टाक!"

जाई बिचकून भर रस्त्यात धावत सुटली.

"जाई, थांब! माझ्या मागं ये!"

तो आवाज बकुळाचा होता! जाई जागच्या जागी थिजली, मग मागं सरकत तिच्या पाठीशी आली. बकुळानं मला हळूच जमिनीवर ठेवलं. "खेळाची काठी आहे, काका. जाळी बघा हिची."

बंदूक खाली झाली. "ही राहू दे इथंच. पळा घरी!"

दोघी वळणाआड गेल्या. आणि लालबागच्या बाजूनं पुन्हा गोळ्यांचे आवाज आले.

तेव्हापासून चार वर्षं मी पोलीस चौकीच्या अंधाऱ्या खोलीत आहे, गळ्यात जप्तीच्या नंबराची चिठ्ठी. परवा मुंबईसह महाराष्ट्र झाला, बाहेर ढोल-ताशे वाजले. त्या गलक्यात मी एकच आवाज शोधत होते.

मला सोडवू नका हवं तर. पण तुमच्यापैकी कुणी लालबागचं असेल, तर एवढं विचारून या: बकुळा त्या दुपारी घरी पोचली का?